खतावणीत नसलेली रात्र

पत्र

मावशी,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. वय ३१. अण्णा जिनिंगमध्ये मुनीम होते. वीसेक वर्षं प्यायले. आता नऊ वर्षं झाली, थेंब नाही. दर रविवारी परभणीला एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या, मीटिंगला जातात. वर्षभर बसून त्यांनी हिशेबाच्या दोन जाड वह्या, खतावण्या, भरून आपली दारूची कहाणी लिहिली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "बाई, टाइप कर. मी खरं तेच लिहायलोय, काही झाकलं नाही." १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, प्रकाशन करायचं त्यांच्या मनात आहे, कारण सुरुवात आजोबांनी निजामाच्या काळात दारूसाठी लागणारी शिंदीची झाडं तोडली तिथून आहे.

रात्री शटर ओढून मी टाइप करते. खरंच काही झाकलेलं नाही. आजीच्या पाटल्या मोडल्या, मालकाच्या गल्ल्यातून पैसे उचलले, सगळं आहे. पण माझ्या दहावीच्या वर्षाला एकच ओळ: "मुलीला ७१ टक्के पडले, पेढे वाटले." गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री "बिल कोण भरतं?" म्हणत त्यांनी मीटरचा खटका पाडला, मला बाहेर काढून आतून कडी घातली. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बल्बखाली बसून मी गणितं केली. ते कुठंच नाही. सोडल्याचं पान एवढंसंच आहे: आषाढीला माळ घातली, दुसऱ्या दिवसापासून बंद.

आणखी एक. आईनं एकदा त्यांना न सांगता वरणात दारू सुटायची गोळी घातली होती. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांनी ते लिहिलंय. आईला वाटतं, हे कुणालाच माहीत नाही. भाऊ म्हणतो, "माझं लग्न जमेपर्यंत वह्या पेटीत ठेवा." मी ती पेपरच्या आदली रात्र मधेच टाइप करून टाकू का? आणि वाचताना कळलं की मी त्यांना माफ केलेलंच नाही. एवढं खरं लिहिणाऱ्या बापाचा राग येतो, म्हणजे मीच वाईट का?

उत्तर

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंच करते. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठले आणि उगाच घरातला दिवा बंद करून परत लावला.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तो सारखा मधे येणार नाही. नाही, तू वाईट नाहीस. अण्णांनी खरं लिहिलं ते त्यांच्या मनावरचं ओझं उतरवायला. त्यांचं उतरलं म्हणून तुझंही त्याच दिवशी उतरलं पाहिजे, असं कुठं ठरलंय? नऊ वर्षं बाप पीत नाही, म्हणून घरात कुणी जुना विषय काढला नसेल. सगळं छान चाललंय ना, मग कशाला. आता त्यांनीच विषय काढला आणि तोही तुझ्याच हातांनी टाइप करायला लावून. राग येणारच.

आता त्या एका ओळीकडे येते.

अण्णांनी ती रात्र गाळली, असं तुला वाटतंय. असेलही. पण दुसरी एक शक्यता आहे आणि मला ती जास्त खरी वाटते. दारू भराभर चढली, विशेषतः रिकाम्या पोटी, की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवी आठवण साठवायचं काम थांबवतो. माणूस तेव्हा बेशुद्ध नसतो. तो बोलतो, भांडतो, सायकल हाकत घरी येतो, अंधारात मीटरचा खटका बरोबर शोधतो. यातलं काहीच आत नोंदलं जात नाही, एवढंच. मीटिंगमधली माणसं याला ब्लॅकआउट म्हणतात. कधी तुकडे उरतात आणि कुणी आठवण दिली की थोडंफार जुळतं. कधी तासच्या तास कोरे जातात आणि कितीही आठवण दिली तरी परत येत नाहीत. परत यायला तिथं काही ठेवलेलंच नसतं.

तू मुनिमाची लेक आहेस, तुला लगेच कळेल. जी रक्कम रोजच्या नोंदीच्या वहीत, रोजकीर्दीतच चढली नाही, ती खतावणीत येणार कुठून? अण्णांनी नोंद खोडली असेल असं नाही. नोंद झालीच नसेल. पेढे वाटले ते दिवसा, शुद्धीत, म्हणून ते आहेत.

मी त्यांची वकिली करत नाहीये. खटका त्यांच्याच हातानं पडला आणि आठवत नाही म्हणून तो वर जात नाही. उलट मला तर यात जास्त जाच दिसतो. ज्यानं केलं त्याच्याकडे ती रात्र नाही आणि जिनं भोगलं ती एकटीच सोळा वर्षं ती सांभाळत बसली आहे.

माझ्या थोरल्या भावानं एका भाऊबीजेला माझं ओवाळणीचं ताट उलथं केलं होतं. सुपारी कपाटाखाली गेली, निरांजन विझलं, तेल सतरंजीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाला, "काल ओवाळलं का नाहीस गं?" मी कित्येक वर्षं धरून चालले होते की हा नाटक करतो. पुढे एका दवाखान्यात नातेवाइकांच्या बैठकीला बसायला लागले, तिथल्या डॉक्टरांनी फळ्यावर मेंदूचं वेडंवाकडं चित्र काढून हे समजावलं. तोवर भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. खरंच विचारत होता बिचारा. (बिचारा हा शब्द आता निघाला, तेव्हा निघाला नसता.)

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाला माझं स्पष्ट उत्तर: ती रात्र अण्णांच्या वहीत गुपचूप टाइप करू नकोस. "त्या रात्री मी मुलीला बाहेर काढलं" असं त्यांच्या तोंडी घातलंस, तर जे त्यांना आठवत नाही ते आठवतंय असं होईल आणि वहीतलं पहिलं खोटं तुझ्या हातून छापलं जाईल. शिवाय तुझी रात्र तुला अशी चोरून सांगावी लागेल. ती चोरून सांगण्यासारखी नाही.

वेगळा कागद घे. टाइप करू नकोस, हातानं लिही. मार्च २०१०, गणिताचा पेपर, काकूंची ओसरी, बल्बभोवतीचे किडे, जे असेल ते. "तुम्ही असे आणि तसे" नको. काय झालं तेवढंच लिही. मग एखाद्या दिवशी दुपारी, आई जवळ असताना नको आणि मीटिंगला निघायच्या घाईतही नको, अण्णांना आधी विचार: "दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्रीचं तुम्हाला काय आठवतं?" त्यांना बोलू दे. काहीच आठवत नाही म्हणाले तर चिडू नकोस. तो कागद पुढे कर.

पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. नऊ वर्षं रविवार न चुकवणारा माणूस बहुतेक तो कागद वाचेल. वाचून त्यांना वाटलं, तर त्यांनी आपल्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावं की हे मला आठवत नाही, मुलीनं सांगितलं आणि मी ते मानतो. दारूवर लिहिलेली पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. पाटल्या मोडल्याची, गल्ल्यातल्या चोरीची कबुली सगळे देतात. असलं वाक्य लिहिणारा क्वचित भेटतो. आणि त्यांनी नाही लिहिलं, तर तुझा कागद तुझ्याकडे आहेच. तू त्यांची टायपिस्ट तर आहेसच, पण त्या घरातली दुसरी साक्षीदारही आहेस.

आता "काही झाकलं नाही" या वाक्याबद्दल थोडं. पुस्तक प्रांजळ असलं की वाचणारा लगेच भारावतो. मीही भारावते. पण मी अलीकडे वाचताना एक बघते: लिहिणाऱ्यानं उघडं काय केलं, स्वतःचं की दुसऱ्याचं? तुकोबांनी एका अभंगात आपला व्यापार बुडाल्याचं, दुष्काळात एक बायको अन्न अन्न करत गेल्याचं सांगितलं आहे. पण ते सांगताना सुरुवातीलाच म्हणतात की खरं तर हे बोलू नये, तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. हा संकोच मला फार मोलाचा वाटतो. पाटल्या मोडल्या ही अण्णांची लाज आहे, ती त्यांनी खुशाल चव्हाट्यावर मांडावी. वरणातली गोळी आईची आहे.

त्या गोळीबद्दल तुला नीट माहिती हवी, कारण अण्णांनी ते "बायकोनं विष घातलं" अशा थाटात लिहिलं असेल आणि हशा पिकवला असेल अशी मला शंका आहे. दारुड्यांच्या आठवणीत हे पान बहुतेकदा विनोदी असतं. मेडिकलवर मिळणारी ती गोळी असेल तर ती बहुधा डायसल्फिरम. आपल्या शरीरात दारू मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एक एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. मग दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. कमजोर हृदयाच्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतं. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. डॉक्टर आजही ती देतात, पण त्या माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं. तिचा सगळा उपयोगच मुळी "आता प्यायलो तर काय होईल हे मला माहीत आहे" यात आहे. न सांगता घातली तर ती अंधारात लावलेला सापळा होते.

पण हे तुझ्या आईला तेव्हा कोण सांगणार होतं? एसटी स्टँडच्या भिंतीवर "न सांगता दारू सोडवा" असं रंगवलेलं असायचं. तिनं जे वाचलं त्यावर विश्वास ठेवला. नवऱ्याला मारायला नव्हे, वाचवायला. आणि त्या रात्री त्यांची अवस्था बघून ती काय समजली असेल, कशी बसली असेल उशाशी, याचा विचार कर. ती इतकी वर्षं हे पोटात घेऊन जगते आहे आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात शेजारीण तिला हे दाखवणार? मला ते अजिबात पटत नाही.

तू मात्र आईला काही सांगू नकोस. ते काम तुझं नाही, अण्णांचं आहे. आणि अण्णांना हे तू त्यांच्याच भाषेत सांगू शकतेस. एएच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी म्हणते, आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करा. नववी म्हणते, जमेल तिथं थेट भरपाई करा, पण तसं केल्यानं त्यांना किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. हे शेवटचं कलम लोक घाईत विसरतात. अण्णांनी आईसमोर बसावं आणि म्हणावं, "गोळीचं मला माहीत होतं. तुझ्यावर राग नाही." त्यानंतर ते पान ठेवायचं की फाडायचं, हे आई सांगेल. ती "छापा" म्हणाली तर छापा. बायका कधी कधी असं म्हणतात आणि आपण बघत राहतो.

पायऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक शंका. चौथ्या पायरीत स्वतःचा न घाबरता झाडा घ्यायचा असतो. पाचवीत तो देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे कबूल करायचा असतो. तो एक माणूस बहुतेक वेळा स्पॉन्सर, म्हणजे एएतला वाट दाखवणारा जुना सभासद, असतो. मुलगी नसते. मला वाटतं, अण्णांच्या हातून नकळत दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे: मन मोकळं करायची वही आणि छापायचं पुस्तक. पहिली वही लांबच्या पण भरवशाच्या माणसानं वाचायची. ती त्यांनी तुझ्या टेबलावर ठेवली, कारण तुझ्याकडे की-बोर्ड आहे. त्यांच्या स्पॉन्सरनं दोन्ही खतावण्या वाचल्या आहेत का, हे त्यांना जरूर विचार. नसतील, तर वह्या आधी तिकडे जाऊ देत.

स्पॉन्सर त्यांना आणखी एक गोष्ट सांगतील. एएच्या परंपरांमध्ये वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट अशा ठिकाणी सभासदानं आपली ओळख झाकून ठेवायची असते. त्यामुळे मुखपृष्ठावर नाव, फोटो आणि आत "मी एएचा सभासद" हे तिन्ही एकत्र बसत नाही. मीटिंगमध्ये दुसऱ्यांनी सांगितलेलं तर एक अक्षरही येता कामा नये. सोबत पिणारे मित्र, दुकानदार, जिनिंगचे मालक यांची नावं बदला, एवढं बास.

सोडल्याच्या त्या पानावर मात्र मी अडून बसणार आहे. माळ घातली आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. अण्णांच्या बाबतीत तसं झालं असेल, माळेचा मान मीही ठेवते, आमच्या घरात तीन पिढ्या माळकरी आहेत. पण हे पुस्तक वाचून कुणी रोज सकाळपासून पिणारा माणूस घरच्या घरी एका दिवसात थांबला, तर त्याचं काय होऊ शकतं ते ऐक. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हात थरथरणं वाढून ताप, घाम, भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं असा भ्रम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. घरचे समजतात, बाहेरचं लागलं, आणि दवाखान्याऐवजी दुसरीकडेच नेतात. डॉक्टर या दिवसांत झटके टाळायची औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन माणसाला सुखरूप पलीकडे नेतात. आपल्याकडे संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. त्या पानाखाली चार ओळी टाकायला सांग अण्णांना: रोज पिणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम थांबू नये. आणि तेव्हा नेमकं काय झालं होतं, हेही आईला विचारा. मला नाही वाटत ते दिवस एका ओळीएवढे सोपे गेले असतील. कदाचित तिथंही रोजकीर्द कोरी असेल.

शिंदीच्या झाडांची सुरुवात मला फार आवडली, हे सांगून टाकते. १९४७ च्या आंदोलनात निजामाच्या अबकारी उत्पन्नावर घाव घालायला मराठवाड्यात लोकांनी शिंदी तोडली, त्यांतल्याच एका माणसाच्या पोराची ही कहाणी. असं कुणाला सुचून सुचत नाही. पण म्हणून १७ सप्टेंबरच गाठायचा हट्ट नको. मुक्तिदिन दरवर्षी येतो.

भावाला सांग, तालुक्याच्या गावात वीस वर्षं पिणाऱ्या मुनिमाची गोष्ट पुस्तकाची वाट बघत थांबत नाही. मुलीकडचे चौकशीला आले की पहिल्याच पानटपरीवर त्यांना ती ऐकायला मिळते, आणि "आता नऊ वर्षं सुटलीये" हेही तिथंच मिळतं. पुस्तक थांबवायचंच असेल तर आईसाठी थांबवा, सोयरिकीसाठी नको.

आता तुझं. रात्री शटर ओढून एकटीनं हे वाचणं बंद कर. दिवसा, गिऱ्हाईक येत-जात असताना, एका बैठकीत पाच-सात पानं. छाती भरून आली तर वही मिटायची, अण्णा रागावणार नाहीत. झोप उडाली असेल, जुन्या रात्री परत परत दिसत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ॲल-अनॉन नावाच्या वेगळ्या बैठका असतात. एएच्या संस्थापकांपैकी एकाच्या बायकोनं, लोइसनं, एका मैत्रिणीच्या साथीनं १९५१ मध्ये त्या सुरू केल्या. नवऱ्याची दारू सुटल्यावरही आपल्या आतलं काही सुटलेलं नाही, हे तिला एक दिवस त्याच्यावर बूट भिरकावल्यावर कळलं, अशी तिची गोष्ट सांगतात. तुला ती बाई आवडेल. परभणीच्या मीटिंगमध्ये विचारलंस तर तुझ्याजवळची बैठक कुठं भरते ते कळेल.

आणि अण्णांकडेही जरा लक्ष ठेव. दारूचं वर्णन रंगवून लिहिताना, पहिल्या घोटाची चव शब्दांत पकडताना, जुनी ओढ जागी होऊ शकते. नऊ वर्षांनीही. ते कुठल्या वेळी लिहायला बसतात, एकटेच बसतात का, हे बघ. रविवार चुकायला लागला तर वह्या बाजूला.

राहिलं टायपिंग. स्पॉन्सर वाचतील, आईशी बोलणं होईल, तुझा कागद त्यांच्या हातात जाईल. त्यानंतर तुला करावंसं वाटलं तर कर, नाही वाटलं तर परभणीत चार टायपिंगवाले आहेत. केलंस तर इतरांना पानामागे जे लावतेस तेच लाव आणि पावती फाड. मुनीम आहेत, त्यांना राग येणार नाही.